ओर्कांना जेवायला बोलावणारा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. गिरणीच्या छपरावरचा नव्हे, की प्रचाराच्या गाडीवर बांधतात तसलाही नव्हे. मी पाण्यातला भोंगा आहे. मला दोरखंडाने बोटीवरून खाली सोडायचे आणि मी समुद्राच्या पोटात ओरडायचे, असे माझे काम होते. मित्रांनो, मी पाण्यात असताना वरच्या माणसांना माझा आवाज फारसा ऐकू येत नसे. पायाखाली थोडी थरथर जाणवे, एवढेच. माझा आवाज ज्यांच्यासाठी होता ते वेगळेच. त्यांच्याबद्दल सांगायचे म्हणून आज तोंड उघडले आहे. नाहीतर माझ्यासारख्या गंजक्याची जन्मकथा ऐकून कुणाचे काय भले होणार?

माझा जन्म बंदरामागच्या गल्लीत, एका मिस्त्रीच्या दुकानात झाला. कर्णे, रेडिओ, असली बोलणारी यंत्रे दुरुस्त करणारा तो माणूस. त्याने मला जाड पत्र्याचे अंग दिले, पाणी शिरू नये म्हणून वरून काळे रबर चढवले, आणि अंगणातल्या पाण्याच्या पिंपात बुडवून मला वाजवून पाहिले. त्याच्या बायकोने पिंपाला कान लावला आणि दचकून मागे सरली.

"अगंबाई! हा तर अगदी सासूबाईंच्या आवाजात ओरडतोय!"

"हळू बोल," मिस्त्री म्हणाला. "आई आत जागी आहे."

दोघे तोंड दाबून हसले. मग मिस्त्रीने मला फडक्याने पुसले आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "जा बाबा. कुणाचं तरी पोट वाचव." कारण मला विकत घेणारा एक कप्तान होता, आणि त्याच्या पोटावर पाय आला होता.

कप्तानाची मासेमारीची बोट होती. खोल समुद्रात तो एक खूप लांब दोरी सोडत असे, आणि त्या दोरीला जागोजागी गळ असत. दिवसभराने यंत्रावर दोरी ओढून घ्यायची आणि मासे काढायचे. पण काही वर्षांपासून दोरी वर यायची तेव्हा गळाला नुसते माशांचे ओठ लोंबत असायचे. बाकीचा मासा कुणीतरी अलगद, गळ चुकवून, खाऊन टाकलेला.

ते खाणारे म्हणजे ओर्का. काळी पाठ, पांढरे पोट, डोळ्यामागे पांढरा डाग आणि पाठीवर उभा काळा पर. लोक त्यांना खुनी देवमासा म्हणतात. ते मासे नव्हेतच, ते पिल्लांना दूध पाजतात. आणि खुनी कोण, ते माझी कथा ऐकून तुम्हीच ठरवा. त्यांचे घर म्हणजे घरच असते. सगळ्यांत थोरली आजी पुढे, तिच्या मुली, मुलींची मुले, आणि आईला सोडून कधीच न जाणारे तिचे थोराड मुलगे. प्रत्येक घराची बोली वेगळी. या घराच्या आजीच्या परावर एक खाच होती. त्यावरून बोटीवरचे सगळे तिला ओळखत आणि आजीच म्हणत.

मला पहिल्यांदा पाण्यात सोडले त्या दिवशी मी असा किंचाळलो की सगळे ओर्का दिसेनासे झाले. कप्तान खूश झाला. इंजिन सांभाळणारा त्याचा मेहुणा तर माझ्या पाया पडला.

"भाऊजी, याला आपल्यात जेवायलाच बसवा आज!"

माझे कौतुक जेमतेम दोन आठवडे टिकले. एके दिवशी आजी एकटीच माझ्याजवळ आली. मी ओरडत होतो, आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन स्वस्थ थांबली. एका डोळ्याने मला न्याहाळू लागली. मी चावत नाही, पाठलाग करत नाही, आणि मी ओरडलो की दोरी वर यायला लागते, एवढे तिच्या ध्यानात आले. ती परत गेली. तिने घरच्यांना काय सांगितले ते मला कळले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी ओरडताच ते सगळे दुरून धावत येऊ लागले.

मेहुण्याने कपाळावर हात मारला. "घ्या! चोराला हाकलायला भोंगा आणला, तर हा पंगतीचं बोलावणं करतोय."

"तू जास्त बोलू नकोस," कप्तान म्हणाला. "तूच पाया पडला होतास त्याच्या."

पुढे जे झाले ते कुणी ठरवून केले नाही. एकदा माझ्या पेटीत पाणी शिरले आणि दोरी पूर्ण वर येईपर्यंत मला आवाजच फुटला नाही. मी ओरडलो तेव्हा गळ रिकामे होऊन दोरी गुंडाळलीही गेली होती. ओर्का आले आणि दोरी शोधत फिरू लागले. मेहुण्याला राग आला होता की दया, देव जाणे. त्याने विकायला निरुपयोगी असलेल्या माशांची टोपली आणि कापलेल्या मुंडक्यांचा ढीग त्यांच्या अंगावर उलटा केला. "खा एकदाचं, पण आमच्या दोरीला तोंड लावू नका!"

त्यांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी कप्तानाने मुद्दामच मला उशिरा वाजवले आणि पुन्हा टोपली रिकामी केली. असे होता होता एक रीत पडून गेली. बोट दोरी ओढत असे तेव्हा ओर्का लांब उभे राहत. सगळे मासे बोटीत आले की मी ओरडे. मग ते येत, आणि त्यांना त्यांचा वाटा मिळे. एकदा एक दांडगट तरुण ओर्का अधीर होऊन दोरीकडे निघाला. आजीने त्याला अंगाने असे ढकलले की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. बोटीवरचे सगळे पोट धरून हसले. कप्तान म्हणाला, "माझ्या घरी कुणी माझं असं ऐकत नाही."

मित्रांनो, हा करार कुणी लिहिला नव्हता. त्याला साक्षीदार नव्हता, शपथ नव्हती. तरी वर्षानुवर्षे आजीने तो नेमाने पाळला. लाटा उसळत असोत की धुके पडलेले असो, वाट्याआधी एका माशाला तिने तोंड लावले नाही, घरातल्या कुणाला लावू दिले नाही. पोटात भूक आणि समोर अन्न असताना थांबणे, याला आपण संयम म्हणतो. माणसाने पाळला तर त्याला हात जोडतो. आजीला कुणी हात जोडले नाहीत. "हुशार जनावर आहे," म्हणायचे आणि टोपली उलटी करायचे.

तेव्हा माझ्या आवाजाला एकच अर्थ होता. या, जेवायला या. एवढे चांगले काम देवाने मला दिले होते.

मग बागवाले साहेब आले. दूरच्या एका शहरात मोठ्या हौदांची बाग होती. तिथे पाण्यातल्या प्राण्यांचे खेळ चालत. साहेबांना ओर्काचे एक पिल्लू हवे होते, शिकवता येईल असे लहान. कप्तानाच्या भोंग्याला ओर्का येतात ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी बोटीवर फेरी मारली, खोकणाऱ्या जुन्या इंजिनाकडे पाहिले आणि म्हणाले, "नवं कोरं इंजिन बसवून देतो. तुम्ही फक्त त्यांना खाडीत बोलवा. जाळं आमचं, माणसं आमची."

त्या दुपारी कप्तानाची बायको डबा घेऊन धक्क्यावर आली होती. तिने सगळे ऐकले. साहेब निघून गेले. मग डबा खाली ठेवून म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना जेवायला म्हणून बोलावणार?"

"मग काय म्हणून बोलवू? दुसरं काही कळतं का त्यांना?"

"जेवायला बोलावून कुणाचं लेकरू काढून घेतात का? पाप आहे हे. पानावरून उठवणंसुद्धा लोक विसरत नाहीत."

"लोक नाहीत गं ते. जनावर आहे. चार दिवस ओरडेल आणि विसरेल. हे इंजिन भर समुद्रात बंद पडलं तर तू मला विसरशील का?"

बायकोने मेहुण्याकडे पाहिले. "तू तरी सांग रे यांना."

मेहुणा हातातली चिंधी पिळत राहिला. "ताई, इंजिन खरंच गेलंय गं," एवढेच तो म्हणाला. ती डबा तिथेच ठेवून निघून गेली. त्या दिवशी तो कुणी उघडला नाही.

आणि मला? मला कुणी विचारले नाही. भोंग्याला कोण विचारतो?

मला खाडीत, उथळ पाण्यात सोडले. मी तोच आवाज काढला, कारण माझ्याकडे दुसरा नाही. आजी सगळ्यांना घेऊन आली. दोरी नव्हती, मासे नव्हते. ती माझ्याभोवती फिरली आणि थांबली. नेहमीप्रमाणे थांबली! वाटा उशिरा मिळतो हे तिला ठाऊक होते. ती थांबून राहिली म्हणूनच मागे जाळे ओढायला त्या माणसांना पुरेसा वेळ मिळाला.

त्यानंतरचे मी थोडक्यात सांगतो. ते जाळ्यावरून उडी मारू शकले असते, पण पिल्लांना उडी येत नव्हती, म्हणून एकही मोठा गेला नाही. माणसांनी होड्या मध्ये घालून एक लहान मादी वेगळी केली. तिला कापडी झोळीत घालून यारीने, म्हणजे क्रेनने, वर उचलले. तिच्या आईने पाण्यातून जी हाक मारली ती माझ्या रबरातून आत, पत्र्यापर्यंत पोचली. पिल्लू वरून हवेत उत्तर देत होते. मग जाळे उघडले. "जा आता, सुटलात!" कुणीतरी ओरडले. ते गेले नाहीत. उन्हे कलेपर्यंत तिथेच उभे राहिले.

शेवटी आजी माझ्याकडे आली. मी अजून पाण्यातच लटकत होतो. तिच्या एका धडकेत माझा चुरा झाला असता. तिने धडक दिली नाही. पहिल्या वेळेसारखीच हातभर अंतरावर थांबली, एका डोळ्याने मला पाहिले, आणि घर घेऊन निघून गेली.

नवे इंजिन बसले. ते घड्याळासारखे चाले. कप्तानाने पुन्हा दोरी सोडली, मासे काढले, आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात मला वाजवून टोपली उलटी केली. कुणी आले नाही. मुंडकी लाटांवर तरंगत राहिली आणि पक्ष्यांनी उचलली. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे शेजारच्या बोटींनी माझ्यासारखे भोंगे करून आणले, तर त्यांच्या आवाजाने ओर्कांची दुसरी घरेसुद्धा पळ काढू लागली. ज्यांनी ती खाडी कधी पाहिली नव्हती तीसुद्धा. त्यांना कुणी सांगितले? मित्रांनो, तुम्हाला आगीत हात घालू नये हे कुणी सांगितले? घरच्यांनीच ना?

भोंगा थांबला की मासे मात्र पुन्हा दोरीवरून जाऊ लागले. आता ओर्का येताना दिसत नसत. गळाला ओठ तेवढे राहत.

"चोर लेकाचे," कप्तान म्हणे.

"हो ना," मेहुणा म्हणे, आणि दुसरीकडे पाही.

माझे काम संपले. मला सामानाच्या खोलीत फाटक्या जाळ्यांखाली टाकले. माझ्या तोंडात कोळ्याने घर केले. मेहुणा अधूनमधून तिथे दोर शोधायला येई. कुणाशी तरी बोलावे तसा तो माझ्याशी बोले. त्याच्याकडूनच मला पिल्लाची खबर मिळत गेली. हौदात ते मोठे झाले. डोळ्यामागच्या पांढऱ्या डागातल्या काळ्या ठिपक्यामुळे त्याला ठिपकी म्हणू लागले. ठिपकी चेंडू उडवते, शेपटीने पाणी उडवते, शिट्टी झाली की मान डोलावते. लोक टाळ्या वाजवतात. मेहुणा एकदा खेळ पाहून आला तो थेट येऊन जाळ्यांवर बसला. "दात झिजलेत रे तिचे," तो मला म्हणाला. "दिवसभर हौदाची कड चावते. काम नसलं की चावत बसते."

ठिपकी चांगली मोठी झाली, आणि मग लोकांचे मन पालटले. असे खेळ पाहणे लोकांना बरे वाटेना. बाग बंद पडली. ठिपकीचे काय करायचे यावर पुष्कळ वाद झाले, आणि शेवटी ठरले की तिला तिच्या जन्माच्या समुद्रात आणायचे. त्याच खाडीत जाळ्याचे मोठे कुंपण घातले. प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाई तिच्यासोबत आल्या. अट एकच होती. वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत ठिपकीच्या घरच्यांनी येऊन तिला आपल्यात घेतले पाहिजे. एकटीला मोकळे सोडले तर ती उपाशी मरेल, कारण शिकार करायला ती शिकलीच नव्हती. घरचे आले नाहीत तर तिला पुन्हा हौदात जावे लागणार होते.

डॉक्टरबाईंनी पाण्यात कान सोडला होता. म्हणजे माझ्या उलटे यंत्र, पाण्यातले आवाज वर ऐकवणारे. कुंपणात आल्यावर काही दिवसांनी ठिपकी हाका मारू लागली. डॉक्टरबाईंनी आजीच्या घराच्या पूर्वी टिपून ठेवलेल्या आवाजांशी त्या ताडून पाहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आईची बोली आहे ही! इतकी वर्षं कुणी बोलायला नव्हतं, तरी एक सूर इकडचा तिकडे नाही."

एवढे त्यांना कळले होते, हे तुम्ही लक्षात घ्या. एवढे कळूनही पुढचे घडले.

आजीचे घर खाडीच्या तोंडाबाहेरून जाई, पण आत येत नसे. ढग जमू लागले. तेव्हा कप्तान मला हातगाडीवर घालून घेऊन आला. तो आता म्हातारा झाला होता. त्याच्या मनात काळेबेरे नव्हते, हे मी देवाला स्मरून सांगतो.

"डॉक्टरबाई, या भोंग्याला हिची आजी यायची. धावत यायची हो!"

डॉक्टरबाईंनी मला पाहिले. "पण ठिपकीला पकडलं तेव्हा हाच वाजवला होता ना?"

"त्याला जमाना झाला. वर्षानुवर्षं आम्ही त्यांना जेवू घातलं, आणि फसवलं एकदाच. खाणं लक्षात राहतं हो. बाकीचं जनावर विसरतं."

डॉक्टरबाईंनी आभाळाकडे पाहिले. "वेळही फार उरला नाही," त्या म्हणाल्या. "करून बघू."

पाहिलेत ना, मित्रांनो? भाकरी लक्षात ठेवण्याएवढी अक्कल त्यांनी आजीला देऊ केली. दगा लक्षात ठेवण्याएवढी दिली नाही. जेवढे आपल्या सोयीचे, तेवढीच तिची हुशारी!

सगळ्यांनी मनापासून तयारी केली. मेहुण्याने माझ्या तोंडातले कोळिष्टक काढले, तारा नव्या बसवल्या. कप्तानाची बायको घरून माशांची बादली घेऊन आली. या वेळी नुसती मुंडकी नव्हती, चांगले ताजे, अख्खे मासे होते. "या खेपेला खरंच वाढायचं," ती म्हणाली. तिने बादलीला हात लावून डोळे मिटले.

सकाळी आजीचे घर आले. ठिपकीने हाक मारली, आणि त्या दिवशी खाडीच्या तोंडापासून उत्तर आले. डॉक्टरबाईंच्या यंत्रातून ते सगळ्यांनी ऐकले. तीच हाक मी जाळ्याच्या दिवशी ऐकली होती. आई होती. लेकीने पुन्हा साद दिली, आईने पुन्हा उत्तर दिले. ते काळे पर सावकाश आत वळले. अर्ध्या वाटेवर आल्यावर मात्र थांबले.

"आता वाजवा!" कप्तान म्हणाला. "बिचकलेत. आता वाजवला की येतील."

मेहुण्याने कळ दाबली.

त्या सगळ्यांचे मन स्वच्छ होते. पण पाण्याला मन कुठे दिसते? पाण्याला फक्त आवाज ऐकू येतो. मी ओरडलो, आणि ठिपकीची हाक मधेच तुटली. ती सरळ तळाशी गेली आणि कुंपणाच्या कोपऱ्यात अंग चोरून पडून राहिली. संकट आले की गप्प राहायचे, हे तिच्या घरचे शिक्षण. तेही ती विसरली नव्हती. तिकडे आईचा आवाजही बंद झाला. डॉक्टरबाईंच्या यंत्रातून नुसते पाणी ऐकू येऊ लागले. त्यांनी "बंद करा, बंद करा!" म्हणून हात हलवला, तेव्हा उशीर झाला होता. घराने वळण घेतले होते. पिल्ले मध्ये होती आणि मोठे कडेने. आजीचा खाचेचा पर सगळ्यांत शेवटी होता, आमच्या बाजूला.

"थोडं थांबा, येतील," कप्तान म्हणाला. "खाणं दाखवा त्यांना." आणि बादलीतला एकेक मासा लांब फेकत राहिला. बायकोने शेवटी त्याचा हात धरला.

"पुरे आता," ती म्हणाली. "चला घरी."

त्यानंतर ठिपकीने एकही हाक मारली नाही. घर त्या खाडीजवळून पुन्हा गेले की नाही कुणास ठाऊक. गेले असले तरी आत कुणी आपले आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. वादळांचा मोसम आला. पुन्हा झोळी, पुन्हा यारी. या वेळी वर जाताना ठिपकी गप्प होती, आणि खालून उत्तर द्यायला कुणी नव्हते.

आता ती दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या हौदात आहे. तिथे खेळ होत नाहीत, फक्त काचेतून पाहायचे. नवे लोक दयाळू आहेत. 'ओर्का किती हुशार असतो' अशी पाटी त्यांनी भिंतीवर लावली आहे. आणि मुलांना माहिती व्हावी म्हणून त्यांनी मलाही मागून आणले. हौदाच्या भिंतीतच मला बसवले आहे, घासूनपुसून, आणि माझ्याखाली एक लाल बटण आहे. 'ओर्कांना बोलावणारा भोंगा. दाबून ऐका.'

सुट्टीच्या दिवशी इथे रांग लागते. बटण दाबले की मी ओरडतो, आणि माझा आवाज भिंतीतून पाण्यात उतरतो. ठिपकी तळाशी, कोपऱ्यात जाते. मुले काचेला नाक लावून वाट पाहतात. "येतच नाही," म्हणतात. "भोंगा बिघडलाय वाटतं." आणि पुन्हा दाबतात.

मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. मला घासूनपुसून चमकवू नका, माझे फोटो काढू नका, माझी कीव तर मुळीच करू नका. तुम्ही इथे याल तेव्हा एवढेच करा. रांगेत उभे राहा, तुमचा नंबर आला की हात मागे बांधा, आणि तुमच्या मागच्यालाही सांगा. ते बटण दाबू नका. ती झोपली नाही, रुसली नाही, मठ्ठ तर नाहीच नाही. तिला सगळे आठवते.